पाटावरचा पाय

आमच्या घरात माझ्या थोरल्या भावाची एक गोष्ट सांगतात. त्याला साखर होती. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, धाकट्या भावानं जिवाचं रान केलं, पण त्यानं कुणाचं ऐकलं नाही. भात सोडला नाही, बिडी सोडली नाही, अनवाणी फिरणं सोडलं नाही. पाय भाजला तर तोही दाखवला नाही. शेवटी पाय गेला आणि पाठोपाठ माणूस गेला. गोष्टीतला धाकटा भाऊ म्हणजे मी. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात ती सगळ्यांना माहीत आहे. शहापुरात माझ्या पुतणीच्या सासरी माहीत आहे. ज्या बायकांनी माझ्या भावाला कधी पाहिलंही नाही त्यांनाही माहीत आहे, कारण आरोग्य शिबिरांतून मीच ती सांगत फिरलो.

त्यातलं भाताचं खरं आहे, बिडीचं खरं आहे. पायाचं खोटं आहे. ते खोटं पहिल्यांदा मी बोललो आणि पुढे इतक्या वेळा बोललो की लोक मला धीर द्यायला लागले. आता सत्तरी ओलांडली आहे, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

मी आरोग्य खात्यात होतो, मलेरियाच्या कामावर. शहापुरात खोली घेऊन राहायचो आणि तानसाच्या बाजूच्या पाड्यांपासून आटगावच्या पलीकडपर्यंत सायकलनं आणि पायी फिरायचो. तापाचा माणूस दिसला की बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर आल्याची तारीख लिहायची. लोक मला पाहून पोरांना लपवायचे. तरी सांगितलेलं ऐकायचे. पाणी साठवू नका म्हटलं की निदान माझ्या समोर तरी माठ उपडा करायचे. तीस वर्षं असं ऐकून घ्यायची सवय लागली की माणूस बिघडतो. मी बिघडलो होतो, हे मला गावी परत आल्यावर कळायला हवं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन गावच्या घरी राहायला आलो. एकाच घराच्या दोन वाटण्या होत्या, मधे भिंत घातलेली. ओटा मात्र एकच ठेवला होता, दोन्ही दारांसमोरून सलग. पलीकडे दादा, वयनी आणि त्यांना उशिरा झालेली एकुलती मुलगी. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. चौथीनंतर त्यानं शाळा सोडली, कारण बैलांमागे कुणीतरी हवं होतं आणि मुरबाडला वसतिगृहात एकालाच पाठवता येणार होतं. हे त्यानं मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. एकदाच दाखवलं, ते पुढे येईल.

मी आलो त्याच पावसाळ्यात तो वाळायला लागला. रात्रीतून चार-पाच वेळा उठतो, सारखं पाणी पितो, असं वयनी म्हणाली. मी त्याला बाजाराच्या दिवशी मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं आणि साखर निघाली, तीही बरीच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की भात एक वेळ, तोही वाटीभर. बिडी बंद. दादानं सगळं मान डोलावून ऐकलं आणि बाहेर पडल्याबरोबर बिडी पेटवली.

"आता तर सांगितलं ना डॉक्टरांनी," मी म्हटलं.

"त्यांनी उद्याचं सांगितलं रे. आज बाजाराचा दिस हाये."

आमच्याकडे तेव्हा भात तीन वेळ. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि भाकरी केली तर तीही तांदळाची. दादाच्या ताटातली रास मोठी असायची. वाटी म्हणजे काय हे त्याला कळेना. मी वयनीला सांगून नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी करवली. त्यानं ती ताटातून उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली.

"कोण आजारी हाये घरात?"

"तू," मी म्हटलं.

"मी नाय आजारी. मला नुसती साखर हाये."

"तानसाच्या वरच्या पाड्यांत सत्तर वर्षांची माणसं नागली-वरी खाऊन डोंगर चढतात. मी डोळ्यांनी पाहिलीत."

"मग तू तिकडंच घर बांध. मी पावना येईन. मला भात घाल म्हंजे झालं."

वयनी पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. माझ्या लेखी तो प्रश्न रक्तातल्या साखरेचा होता. त्याच्या लेखी नागली म्हणजे आमच्या लहानपणीचे भात संपल्यावरचे दिवस, जेव्हा आई नागलीची आंबील पातळ करत करत नुसतं पाणी वाढायची. स्वतःच्या शेतात भात पिकवणाऱ्या माणसानं म्हातारपणी पुन्हा नागली खायची, म्हणजे आयुष्यभर केलं काय, असा त्याचा हिशोब. हे मला आज समजतं. तेव्हा मी त्याला अडाणी म्हणालो. वयनीसमोर म्हणालो.

पाच-सहा वर्षं आमचं असंच चाललं. मी त्याच्या पैरणीचे खिसे तपासायचो. तो गोठ्याच्या वाशांत बिड्या खोचून ठेवायचा, मी त्या शोधून चुलीत टाकायचो. वयनीला विचारायचो, आज किती वेळा वाढलंत. ती बिचारी खोटं बोलायची आणि मी तिचं खोटं पकडायचो. माझी बायको एकदा म्हणाली, "तुमाला त्यांची काळजी हाये का त्यांच्यावर नजर हाये?" मी तिला गप्प केलं. साठी उलटलेला थोरला भाऊ मला पाहून हातातली बिडी ओट्याखाली टाकतो, याचं मला आत कुठेतरी बरं वाटायचं. लहानपणी मी त्याला घाबरायचो. आता तो मला घाबरत होता. काळजी होतीच, ती खोटी नव्हती, पण तिच्यात हे मिसळलेलं होतं आणि किती मिसळलेलं होतं ते मला अजून सांगता येत नाही.

मग पाय आले. मुरबाडच्या डॉक्टरांनी एकदा त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला टोचून विचारलं, कुठे लागतंय. दादा म्हणाला, "टोचा की. वाट बगतोय मी." डॉक्टरांचं तीनदा टोचून झालं होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं नाही, त्याच्यासमोरच सांगितलं की पाय बधिर झालेत, लागलं-भाजलं तरी यांना कळणार नाही. चप्पल नेहमी हवी. आणि रोज संध्याकाळी कुणीतरी तळवे, टाचा, बोटांच्या मधली जागा उजेडात नीट बघायची. यांना स्वतःला वाकून दिसायचं नाही.

चपला मी बाजारातून घेतल्या. त्या त्यानं बांधापर्यंत घातल्या. बांधावर काढून ठेवायचा आणि शेतात अनवाणी उतरायचा. आमच्याकडे शेतात, खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही, बापानं आम्हाला तसं वाढवलं. "लक्ष्मीच्या अंगावर चपला घेऊन चढू काय?" तो म्हणायचा. मीही उतरताना काढायचो.

पण पाय बघू देणं, ही एकच गोष्ट त्यानं नाकारली नाही. दिवेलागणीला तो ओट्यावर यायचा, भिंतीला टेकून बसायचा, समोर पाट ओढायचा आणि त्यावर पाय ठेवायचा. आधी उजवा, मग डावा. मी चष्मा लावून, टॉर्च घेऊन खाली बसायचो. मी बघत असताना तो माझ्याकडे पाहायचा नाही, रस्त्याकडे पाहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा. कुणी विचारलं, काय चाललंय, तर म्हणायचा, "मलेरियावाला आलाय. डास शोधतोय."

"काय घावलं?" शेवटी विचारायचा.

"माती."

"ऱ्हाऊ दे. ती माजीच हाये."

दिवसभरात आम्ही जे काही एकमेकांना बोललेलो असायचो ते तेवढ्यापुरतं खाली बसायचं. एखादी चीर, काटा दिसला तर मी धुऊन मलम लावायचो. असे काटे मी वर्षभरात वीस-पंचवीस तरी काढले असतील. त्यातला एकही पिकला नाही. म्हणजे हे काम मला येत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

पुतणीचं लग्न शहापूरकडे ठरलं. साखरपुडा आमच्या दारात झाला. चैत्र संपत आला होता, अंगणात मांडव घातलेला, पाहुण्यांची पंगत बसलेली. मुलीचा बाप म्हणून दादा व्याह्यांच्या शेजारी बसला. वाढणाऱ्यानं त्याच्या ताटात भात घातला, तो पुरे म्हणाला नाही. दुसऱ्यांदा घातला. मी पंगतीतून देखरेख करत फिरत होतो. मी वाढणाऱ्याचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "त्याला नको. त्याला शुगर आहे. त्याचं भागलं." आणि वाकून त्याच्या ताटातला भात हातानं बाजूला काढला.

दादा ताटावरून उठला. मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या शेजारून, बाप अर्ध्या ताटावरून उठला. त्यानं हात धुतला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"मी बैल राखले म्हनून तू शिकलास. त्या शिक्षणावर आज माजा भात काढतोस? तू माजा भाऊ नाय. तू मलेरियावाला." आणि मग, "उद्यापासून माज्या पायाला हात लावायचा नाय."

हे सगळ्यांनी ऐकलं. शेवटचं वाक्यही सगळ्यांनी ऐकलं, आणि पुढे माझ्या खोट्याला तेच वाक्य पुरलं. कुणी शंका घेतली असती तर पन्नास साक्षीदार होते.

त्यानंतर तीन दिवसांनी राब भाजायचा होता. आमच्याकडे भाताची रोपं काढायच्या जागेवर आधी शेण पसरतात, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, वर गवत, वर माती, आणि ते सगळं पेटवून जमीन भाजून काढतात. ज्वाळा लवकर बसतात, पण खालचे निखारे दुपारपर्यंत धुमसत राहतात. कडेनं ओली फांदी घेऊन फिरावं लागतं, आग पसरू नये म्हणून. आधीची दोन वर्षं त्या दिवशी मी सकाळपासून त्याच्याबरोबर असायचो. राबाच्या कडेनं मी फिरायचो, त्याला बांधावर बसवायचो, आणि तो बसल्या जागेवरून मला शिव्या देत काम सांगायचा. त्या वर्षी मी गेलो नाही. ओट्यावरून धूर दिसत होता. मी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, जाऊ दे, मी मलेरियावाला आहे, राबाशी माझा काय संबंध.

तो एकटा अनवाणी फिरला. निखाऱ्यावर पाय पडला असणार, एकदा की अनेकदा ते त्यालाही कळलं नाही. दुपारी चालत घरी आला, जेवला, झोपला.

त्याच दिवशी दिवेलागणीला तो ओट्यावर आला. मी माझ्या दारासमोर खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. आमच्यात चार-पाच हात अंतर. त्यानं भिंतीला पाठ टेकली, पाट ओढला आणि उजवा पाय पाटावर ठेवला. धोतर गुडघ्यापर्यंत सारलं. शेजारी टॉर्च ठेवली. टॉर्च माझ्याकडे असायची, म्हणजे त्यानं घरातली दुसरी शोधून आणली होती. माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहत बसला. तळवा पलीकडच्या बाजूला होता, मला दिसत नव्हता. मी पेपर वाचत राहिलो. उजेड गेल्यावर अक्षरं दिसत नव्हती तरी वाचत राहिलो. मग आत गेलो.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पुन्हा पाट, पाय, टॉर्च. या वेळी टॉर्च पेटवून ठेवली होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आज डॉक्टर नाय काय?" दादा म्हणाला, "हाय की. कामात हाय." मी तेही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी मी पेपरही घेतला नव्हता. नुसता बसलो होतो. तो आला, पाय ठेवला. अर्धा तास आम्ही दोघे रस्त्याकडे पाहत बसलो. शेवटी मी उठलो आणि त्याला म्हणालो, "दादा, डास चावतील. आत जा."

तो म्हणाला, "बरं."

चौथ्या दिवशी तो आला नाही.

त्यानंतर आठवडाभरानं वयनी सकाळी माझ्या दारात आली. म्हणाली, "भावजी, त्यांच्या अंगात ताप हाये आन् पायाला वास येतोय." मी गेलो. तळव्याच्या मधोमध रुपयाएवढी जागा काळी पडली होती, भोवती सूज, आणि लाल रेघ घोट्याच्या वर चढलेली. मुरबाडच्या डॉक्टरांनी पाहून हात लावला नाही, ठाण्याला न्या म्हणाले. जीप केली. वाटेत तो शुद्धीत होता, खिडकीतून बाहेर कुणाकुणाचे राब भाजून झालेत ते पाहत होता.

ठाण्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पाय पाहिला आणि विचारलं, "किती दिवस झाले? घरात कुणी पाहत नव्हतं का?"

मी म्हणालो, "मी रोज पाहायचो. या वेळी ते दाखवतच नव्हते."

दादा स्ट्रेचरवर होता. त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्या डॉक्टरणीकडे वळून म्हणाला, "हो. मीच दाखवला नाय."

पाय गुडघ्याखाली कापला.

घरी आणल्यावर मी त्याची सेवा केली. हे खरं आहे आणि ते करताना मला पाहणारे अजून आहेत. त्याला उचलून नेणं, आंघोळ घालणं, कापलेल्या जागेची पट्टी बदलणं, सगळं मी केलं. गावात म्हणायचे, भाऊ असावा तर असा. पण सेवा करण्यापेक्षा अवघड दुसरं होतं. दादा ऐकायला लागला. नागलीची भाकरी पुढे ठेवली तर खायचा. भात किती घेऊ, असं मला विचारायचा. बिडी त्यानं एका दिवसात सोडली, जी मी सहा वर्षं चुलीत टाकत होतो ती. गोळी दिली की तोंड उघडायचा. गणपतीत वयनीनं मोदक केले, त्यानं ताटातला मोदक बोटानं बाजूला सारला आणि मला हाक मारली.

"खाऊ काय रे हा?"

"खा," मी म्हणालो.

"नको. तू नंतर म्हणशील."

तो टोमणा असता तर मला चाललं असतं. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, त्यात टोमणा नव्हता. मला हवा तसा भाऊ मला मिळाला होता. एकदा तरी त्यानं मला शिवी द्यावी, वाशात बिडी लपवावी, असं मला वाटायला लागलं. मी चोरून गोठ्यात जाऊन वासे चाचपून पाहिले. काही नव्हतं.

दीड वर्षानं तो गेला. दुसरा पायही बिघडायला लागला होता. त्या तीन संध्याकाळींबद्दल तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही आणि मीही काढला नाही.

त्यानंतर मला शिबिरांना बोलवायला लागले. शहापूरकडे माझ्या ओळखी होत्या, लोक साखरेबद्दल विचारायला लागले होते. पुतणी लग्न होऊन शहापूरला गेली, तिथे अंगणवाडीत कामाला लागली. ती बायकांना जमवायची आणि मी बोलायचो. मी उभा राहून म्हणायचो, "माझा सख्खा भाऊ. मी आरोग्य खात्यातला माणूस. पण त्यानं मला पाय दाखवला नाही." इथे मी थोडा थांबायचो. बायका चुकचुकायच्या. पुतणी मागे उभी राहून डोळे पुसायची. तिनं पायांच्या काळजीचा एक तक्ता काढला होता, त्यावर वरती लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांची चूक तुम्ही करू नका.' तो तक्ता मी कितीतरी वेळा धरून उभा राहिलो आहे.

दोन वर्षांपूर्वी पुतणीलाच साखर निघाली. तिशी नुकतीच उलटलेली. ती मला म्हणाली, "काका, मी बापासारखं नाय करणार. मी तुमचं ऐकेन." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी आधी वयनीकडे गेलो. ती पलीकडच्या दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो की दादानं पाय दाखवला होता, मीच पाहिला नाही.

तिनं सूप थांबवलं नाही.

"मला ठावं हाये."

"त्यानं सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगायला पायजे? मी दारात व्हते. तिन्ही सांजा. तुमी पेपर वाचत व्हता."

"मग तुम्ही का नाही पाहिला पाय? मला का नाही बोललात?"

"मी बगते म्हटलं तर ते म्हणाले, ऱ्हाऊ दे, तो बगंल." तिनं एक खडा बाहेर टाकला. "आन् तुमाला काय बोलू? पोरीचं लगीन व्हायचं व्हतं. घरात दवाखान्याची माहिती असलेला मानूस तुमीच. तुमाला तोडून मी जानार कुठं व्हते, भावजी?"

मी निघायला वळलो. ती म्हणाली, "पोरीला सांगायचं असंल तर तुमच्या तोंडानं सांगा. माज्यावर टाकू नका."

शहापूरला मी पुतणीच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पंगतीपासून जीपपर्यंत. ती समोर जमिनीवर बसून ऐकत होती. मधे एकदाच बोलली.

"टॉर्च त्यानं आणली व्हती?"

"हो."

सगळं ऐकून झाल्यावर ती उठून आत गेली. मला वाटलं रडत असेल. ती तक्ता घेऊन बाहेर आली. त्यावरची वरची ओळ तिनं सरळ फाडून काढली आणि कागद पुन्हा गुंडाळला.

मी म्हणालो, "पुढच्या शिबिरात मी बायकांसमोर खरं सांगतो."

"नको," ती म्हणाली. "तुमी बोलायला लागलात की रडाल. मग सगळ्या बाया तुमालाच धरतील. म्हणतील, जाऊ द्या काका, व्हतं असं. माझ्या बापाचं परत ऱ्हायलंच. तुमी लिहून द्या. त्यात रडू नका."

मी उठलो. ती दारापर्यंत आली, पण नेहमीसारखी वाकून पाया पडली नाही. चपला घालत होतो तेव्हा तिनं विचारलं, "काका, तुमचा राग तीन दिस टिकला?"

मी तिला उत्तर दिलं नाही. एस.टी.त बसलो आणि गावी आलो. त्यानंतर तिनं मला शिबिराला बोलावलेलं नाही. तिची साखर किती आहे ते मी वयनीकडून ऐकतो.

तिनं सांगितलं तसं लिहिलं आहे. दोन ठिकाणी मी माझ्या सेवेबद्दल लांबवलं होतं, ते काढून टाकलं. थोडं राहिलं असेल. तिच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो, कारण ते दिल्याशिवाय हा कागद तिच्याकडे पाठवण्यात अर्थ नाही.

राग पहिल्या दिवशी होता. दुसऱ्या दिवशी तो त्या म्हाताऱ्याला 'कामात हाय' म्हणाला तेव्हाच उतरला. तिसऱ्या दिवशी मला राग नव्हता. पायाला काहीतरी झालं आहे हे मला कळलं होतं, नाहीतर तो आला नसता. तीस वर्षं दारोदार आजारी माणसं शोधलेल्या माणसाला कळणारच. मी फक्त वाट पाहत होतो, की थोरल्या भावानं एकदा तोंडानं म्हणावं, बघ रे. तेवढं ऐकल्यावर मी खाली बसणार होतो.